स्वतःवर खर्च केला की मन का खातं?

लग्नात बाराशे माणसं जेवतात. त्यातली निम्मी नवऱ्यामुलाला ओळखतही नसतात. उरलेली बिर्याणी पहाटे हंड्यासकट कुठेतरी रिकामी केली जाते. हे सगळं कर्ज काढून झालेलं असतं, व्याजाने सुद्धा. तरी दुसऱ्या दिवशी त्या घरात कुणाचं मन खात नाही. 'इज्जत राहिली' म्हणून सगळे निवांत झोपतात. त्याच घरातल्या मुलीने स्वतःच्या पगारातून वीस हजारांची सायकल घेतली, तर झोप उडते. घरच्यांची उडते ती वेगळी, पण आधी तिची स्वतःची उडते.

मला या उडालेल्या झोपेबद्दल लिहायचं आहे. कारण आपल्या पिढीतल्या, विशेषतः घरातून पहिल्यांदा पगारी नोकरीत गेलेल्या मुलामुलींना ती चांगली ठाऊक आहे, आणि बहुतेकजण तिला 'ईमान जागं आहे' असं समजून गप्प बसतात. मला ते पटत नाही.

माझंच उदाहरण देते. मागच्या वर्षी मी हिमाचलमधल्या हमता पासचा ट्रेक केला. मनालीजवळून चढायला सुरुवात होते, चौदा हजार फुटांवरची खिंड ओलांडून पलीकडे लाहौलच्या उजाड खोऱ्यात उतरायचं. बूट, जॅकेट, रेल्वे, बस आणि ट्रेकची फी धरून 31 हजार रुपये गेले. पुण्यात नोकरी करून दोन वर्षांत साठवलेले होते. कुणाकडून उसने घेतले नव्हते, घरी पाठवायचे पैसे थांबवले नव्हते. कशासाठी गेले, तर बर्फ बघायचा होता म्हणून. ऑफिसचं काम नाही, उपचार नाही, शिक्षण नाही. अम्मीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ''पैसे देको थंड खाने जाती क्या?'' आम्ही दोघी हसलो. पण तिकीट काढल्यापासून ते परत येईपर्यंत माझ्या डोक्यात एक हिशेब चालू होता, आणि तो हसण्यासारखा नव्हता.

आमचं घर सोलापूरचं. अम्मीने वीस वर्षं विड्या वळल्या. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कापायचं, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. पंचवीस-पंचवीसचे कट्टे करून कारखान्यात द्यायचे. तिथला माणूस त्यातल्या मूठभर बाजूला काढणार, वाकड्या आहेत म्हणून, त्याचे पैसे नाहीत. दिवसभर बसलं तर हजार होत. मी शाळेत असताना हजार विड्यांमागे तिच्या हातात शंभर रुपयेही पडत नसत. शंभर धरले तरी 31 हजार म्हणजे 310 दिवस. अम्मीचं जवळपास एक अख्खं वर्ष मी आठ दिवसांत डोंगरावर ठेवून आले, असा तो हिशेब.

ज्यांच्या घरात असं काही आहे त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. कुणाच्या घरी तो मागाच्या खटखटीत मोजला जातो, कुणाच्या घरी हातगाडीवरच्या फळांत, कुणाच्या घरी गॅरेजमधल्या पंक्चरांत. हॉटेलात कॉफी मागवताना आपण मनात अब्बांचे दोन पंक्चर मोजतो.

माझा एक मित्र महाडकडचा आहे, नऊ वर्षं कुवेतमध्ये. कोकणातली अनेक गावं आखाती पैशावर उभी राहिली. तिथे डोंगराच्या कुशीत दोन-दोन मजली, रंगीत काचांचे बंगले दिसतात आणि निम्म्यांना कुलूप असतं. माझ्या मित्राचाही असा बंगला आहे. तो स्वतः सहाजणांच्या खोलीत राहतो. गावी येताना प्रत्येकासाठी काहीतरी आणतो, चुलत मामीसाठी सुद्धा. एकदा त्याने स्वतःला चांगले बूट घेतले, कारण उभ्याचं काम आहे आणि टाचा दुखतात. ते बूट तो गावी घालून आला नाही. लोक किंमत विचारतील, म्हणाला. बंगल्याची किंमत विचारलेली चालते.

तर हे मन खाणं कुठून येतं? आपण पटकन उत्तर देतो: दीनमध्ये इसराफ हराम आहे. शब्द बरोबर, पण तो कुठे लावायचा हे आपण बघत नाही.

कुरआनमध्ये उधळपट्टीसाठी दोन शब्द येतात. इसराफ, म्हणजे हद्द ओलांडणं. आणि तबजीर, म्हणजे उधळून टाकणं. सूरह बनी इस्राईलच्या 26 आणि 27 या आयतींत उधळणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटलं आहे, हे आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं. पण 26 वी आयत सुरू कुठून होते ते ऐकवलं जात नाही. ती सुरू होते नातेवाइकाचा, गरजूचा आणि वाटसरूचा हक द्या, इथून. म्हणजे उधळपट्टीचा विषयच हकाच्या पोटातून निघाला आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (र.) यांनी तबजीरचा अर्थ चुकीच्या जागी केलेला खर्च असा लावला. रक्कम मोठी की छोटी, हा त्यात पहिला प्रश्न नाही. आणि दोनच आयती पुढे, 29 मध्ये, हात मानेला बांधून ठेवू नका आणि पूर्ण मोकळाही सोडू नका, असं दोन्ही बाजूंनी बजावलं आहे. हात बांधून ठेवणाऱ्यालाही तिथे शाबासकी नाही.

सूरह अल-आराफची 31 वी आयत तर आपल्या दावतींच्या आमंत्रणावर छापायला हवी: खा, प्या, पण हद्द ओलांडू नका. मात्र तिच्या लगेच पुढची आयत विचारते की अल्लाहने आपल्या बंद्यांसाठी काढलेली शोभा आणि चांगल्या गोष्टी हराम करणारं कोण आहे? जुम्म्याच्या बयानात पहिली मी कितीतरी वेळा ऐकली आहे, दुसरी फार कमी.

चौदाव्या शतकात ग्रॅनाडामध्ये इमाम शातिबी नावाचे मोठे आलिम होऊन गेले. शरियतला माणसाच्या आयुष्यात काय जपायचं आहे, याच्या त्यांनी तीन पायऱ्या मांडल्या. जरूरियात, ज्याशिवाय जगणंच मोडतं. हाजियात, ज्याने जगण्यातली अडचण कमी होते. आणि तहसीनियात, ज्याने जगणं सुंदर होतं. तिसरी पायरी शेवटची आहे, पण पायरी आहे. खड्डा नाही. माझा बर्फ त्या तिसऱ्या पायरीवरचा. तिथपर्यंत पोचायला आमच्या घराला दोन पिढ्या लागल्या, त्यामुळे ती पायरी ओळखीची वाटत नाही, एवढंच.

जकातचा हिशेबही हेच सांगतो. निसाब म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, ग्रॅममध्ये 87.48 आणि 612.36. त्यावर चांद्र वर्ष उलटलं की अडीच टक्के. लाखाला अडीच हजार. राहतं घर, अंगावरचे कपडे, वापरातली गाडी, कारागिराची हत्यारं यांवर जकात नाही. आपल्या वापरासाठी काहीतरी असणारच, हे शरियतने आधीच धरून चाललेलं आहे. जकात लागते ती साठून पडलेल्या मालावर. गंमत बघा, मी त्या 31 हजारांचं सोनं घेतलं असतं तर सगळ्या नात्यात माझी तारीफ झाली असती. 'मुलगी शहाणी आहे, पैसा राखते.' आणि कपाटातल्या त्या सोन्याची जकात वर्षानुवर्षं कुणी काढली नसती, तरी कुणाचं मन खाल्लं नसतं. (कोकणातल्या शाफई भावंडांनी लगेच हात वर करू नये. अंगावर वापरायच्या दागिन्यांवर तुमच्याकडे जकात नाही हे मला माहीत आहे. आम्ही घाटावरचे हनफी, आम्हाला ती सवलत नाही.)

हजरत सलमान फारसी (र.) आणि हजरत अबू दरदा (र.) यांचा किस्सा बुखारीत आहे. मदिनेत आल्यावर पैगंबरांनी (स.) या दोघांना भाऊ-भाऊ करून दिलं होतं. सलमान एकदा अबू दरदांच्या घरी गेले, तर त्यांची पत्नी अगदी साध्यासुध्या, जुनाट कपड्यांत. काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, तुमच्या भावाला या दुनियेतलं काही नको आहे. मग जेवण आलं. अबू दरदा म्हणाले तुम्ही खा, माझा रोजा आहे. सलमान म्हणाले, तुम्ही खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही. नफली रोजा होता, सोडला. रात्री अबू दरदा नमाजसाठी उठू लागले, सलमाननी झोपवलं. परत उठू लागले, परत झोपवलं. रात्रीचा शेवटचा प्रहर आला तेव्हा म्हणाले, आता उठा. दोघांनी नमाज अदा केली. मग सलमाननी त्यांना सांगितलं की रबचा तुमच्यावर हक आहे, तुमच्या स्वतःचाही आहे, घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याचा हक द्या. अबू दरदा हे सगळं घेऊन पैगंबरांकडे (स.) गेले, तर ते म्हणाले, सलमान खरं बोलला.

हा किस्सा सांगताना आपल्याकडे रोजा आणि नमाजवर भर दिला जातो. मला दरवेळी आठवतात त्या घरातल्या बाईंचे कपडे. गोष्ट सुरू झाली ती तिथून. एकाच्या त्यागाचा भार दुसऱ्याच्या अंगावर दिसत होता, आणि पाहुण्याने तो बघितला.

इथे मुलींबद्दल वेगळं बोलावं लागेल. इस्लामने बाईला चौदाशे वर्षांपूर्वी मालमत्तेचा हक दिला, हे आपले वक्ते कुठल्याही व्यासपीठावर सांगतात, आणि ते खरं आहे. इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पुरता हक 1882 च्या कायद्याने मिळाला. आपल्या फिकहमध्ये बाईची कमाई तिची, घर चालवायची जबाबदारी नवऱ्याची, तिने दिलं तर तो तिचा एहसान. हे सगळं तोंडपाठ असणाऱ्या घरात बहिणीने पगारातून पर्स घेतली की भाऊ विचारतो, केवढ्याला? मेहर निकाहनाम्यावर लिहिली जाते आणि माफ करून घेतली जाते. पगाराचं एटीएम कार्ड सासऱ्यांकडे असतं. तिने काही घेतलं तर आधी कारण तयार ठेवावं लागतं: सेलमध्ये होतं, ऑफिसला लागतं, मैत्रिणीने दिलं. हे कारण शोधणं हेच मन खाण्याचं दुसरं नाव आहे. तिने काही चुकीचं केलेलं नसतं, फक्त हजेरी द्यायची सवय लागलेली असते.

हे लिहिताना मी दुसरी बाजू विसरलेली नाही. कमावता नवरा, कमावता बाप हे गृहीत धरून जो हिशेब मांडला गेला, तो आमच्यासारख्या कितीतरी घरांत तसा लागू होत नाही. अब्बांचा उजवा हात गेली सहा वर्षं नीट चालत नाही. माझ्या पैशातून घरभाडं जातं, धाकट्याची फी जाते. ते मी एहसान म्हणून देत नाही. आईवडील गरजू असतील तर त्यांचा खर्च कमावत्या मुलांवर आहे, मुलगी असली तरी. 'माझा पैसा, माझी मर्जी' हे जे रील्सवर चालतं, ते मला आपल्या घरांत बसणारं वाटत नाही. मी फक्त इतकंच म्हणते की हक देऊन झाल्यावर काहीतरी उरतं. आणि जे उरतं त्याला मालक आहे.

मन खायलाच हवं असे खर्चही आहेत, आणि तिथे आपलं मन अगदी गार असतं. साठ हजारांचा फोन हप्त्यावर. कॅमेरा चांगला म्हणून, आणि मुख्य म्हणजे मागे तीन डोळे दिसतात म्हणून. तिसरा हप्ता चुकला की दंड आणि व्याज सुरू. तोवर किराणावाल्याची जुनी उधारी तशीच. कर्जाबद्दल आपला दीन किती कडक आहे बघा. पैगंबरांसमोर (स.) एक जनाजा आणला गेला, त्या माणसावर तीन दीनारचं कर्ज होतं आणि मागे काही नव्हतं. त्यांनी इतरांना सांगितलं, तुम्ही नमाज पढा. हजरत अबू कतादा (र.) यांनी कर्ज आपल्या अंगावर घेतलं तेव्हाच ते पुढे झाले. तीन दीनार! आमच्या ओळखीतल्या एका मुलाने लग्नाच्या घोड्यासाठी आणि डीजेसाठी मित्राकडून चाळीस हजार घेतले, त्याला आता चार वर्षं झाली. दोघे एकाच सफमध्ये उभे राहतात.

आणि एक मन खाणं याहून अवघड आहे, त्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. आपण सच्चर समितीचा अहवाल वाचलेली पिढी आहोत. 2006 मध्ये त्या अहवालाने सांगितलं की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविका असलेले शंभरात चारसुद्धा नाहीत. म्हणजे पदवी घेऊन पगार कमावणारे आपण आधीच वेगळे पडलो आहोत. फोन उघडला की कुणाचं घर पाडलेलं, कुणाला रस्त्यात अडवलेलं, कुठे उपासमार. अशा दिवशी बर्फाचा फोटो टाकायला बोट धजत नाही. मी त्या आठ दिवसांत एकही टाकला नाही. हे बरोबर होतं की नव्हतं, मला ठरवता येत नाही. पण एवढं कळतं की मी ट्रेक रद्द केला असता तर त्याने कुठल्याही घराची वीट परत लागली नसती. दर महिन्याच्या एक तारखेला पगारातून ठरावीक रक्कम एका शिष्यवृत्ती निधीला जाते, मूड असो वा नसो, बातम्या चांगल्या असोत वा वाईट. त्याने एका मुलीची नर्सिंगची फी खरोखर भरली जाते. अल्लाहला ते काम जास्त प्रिय जे थोडं असलं तरी नेमाने होतं, या अर्थाची हदीस आहे. मन खाणं नेमाने होत नाही. ते येतं, छळतं आणि पुढच्या सेलपर्यंत निघून जातं.

ज्या बायकांच्या कष्टाच्या मापाने आपण आपला खर्च मोजतो, त्यांना आपण कधी विचारलं आहे का की त्यांना काय हवं होतं? हिमाचलहून आल्यावर मी अम्मीला विचारलं. तुझ्यासाठी काय करू? घरासाठी नाही, धाकट्यासाठी नाही. ती चिडली. मला काय कमी आहे, म्हणाली. मी पैसे हातात दिले असते तर संध्याकाळपर्यंत ते खालाच्या मुलीच्या बाळंतपणाला गेले असते, म्हणून दिले नाहीत. तीन दिवसांनी भाकरी थापता थापता तिने आपणहून विषय काढला. हैदराबादला सालारजंग म्युझियममध्ये एक घड्याळ आहे म्हणे, दर तासाला आतून छोटा माणूस बाहेर येतो आणि घंटा वाजवतो. विड्यांच्या कारखान्यातल्या एका बाईने तिला कधीतरी सांगितलं होतं. ते बघायचं आहे.

सोलापूरहून हैदराबाद रेल्वेने काही फार लांब नाही. इतकी वर्षं ती तिथे तीनदा गेली, तिन्ही वेळा लग्नाला. म्युझियम शुक्रवारी बंद असतं, म्हणून आम्ही शनिवार धरला आहे. राहायचं नातेवाइकांकडे नाही, लॉजवर, हे मी तिच्याकडून मोठ्या मुश्किलीने कबूल करून घेतलं. तिने एकच अट घातली आहे. गल्लीत कुणी विचारलं तर सांगायचं, हैदराबादला नात्यात लग्न आहे.